शून्याचा खण

थोरल्यांना जन्मात एकदाच निवडीची संधी मिळाली आणि त्यांनी, थोरलेपणाला शोभेल अशी, मोठी बाजू निवडली. ती मोठी कशी, हे कळायला आधी त्यांच्या वडलांची भिंत पाहायला हवी.

वडलांचं चष्म्यांचं दुकान होतं. गल्ल्यामागच्या भिंतीला, छातीच्या उंचीवर, लाकडी खणांची एकच लांब रांग. मधोमध शून्याचा खण. त्यात साध्या काचा, म्हणजे ज्यांना नीट दिसतं पण विचारी दिसायचं असतं त्यांच्यासाठी. शून्याच्या उजवीकडे प्लसचे खण: पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, असे चढत गेलेले. या काचा मध्ये फुगीर, जवळचं न दिसणाऱ्यांसाठी. डावीकडे मायनसचे खण, तसेच पाव-पाव करत लांब गेलेले. या काचा मध्ये पातळ, लांबचं न दिसणाऱ्यांसाठी. वडलांना गणिताचा गंध नव्हता, पण माणसाचे डोळे शून्यापासून दोन्ही दिशांना बिघडतात एवढं त्यांना माहीत होतं, आणि भिंत त्याप्रमाणे लावली होती.

काच ओळखायची कशी, हे त्यांनी तिन्ही मुलांना शिकवलं होतं. काच डोळ्यांसमोर धरून हलवायची. पलीकडचं चित्र उलट्या दिशेला पळालं तर प्लस, सोबत आलं तर मायनस. किती ते कळायला विरुद्ध बाजूची काच तिच्यावर ठेवायची आणि बदलत जायचं. दोन्हींत मिळून चित्र हलायचं थांबलं की नंबर सापडला. सव्वा प्लसला सव्वा मायनसच थांबवतो. मुलांत थोरला, मधली आणि धाकटा. त्यांना थांबवणारी काच त्या भिंतीत नव्हती.

वडील गेल्यावर वाटणी आली. दुसरी घरं शेत वाटतात, भांडी वाटतात. इथे भिंत होती. थोरल्यांनी शाळेत शिकलेलं तेवढंच गणित जपून ठेवलं होतं आणि ते त्यांनी बाहेर काढलं. कुठलाही अधिक हा कुठल्याही उण्यापेक्षा मोठा. अधिक पाव घ्या आणि समोर उणे दहा ठेवा, तरी पावच मोठा. मी थोरला, तेव्हा मोठी बाजू माझी. या विधानात चूक काढायची कुणाची शामत नव्हती, कारण त्यात चूक नव्हती. धाकट्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या पोरापोरींकडे पाहिलं. सगळ्यांची नाकं मोबाइलला टेकलेली. मग ते मोठ्या त्यागाने म्हणाले की उणं तर उणं, माझं भागेल.

सुतार करवत घेऊन आला. त्याने एकच प्रश्न विचारला, आणि या घराण्याला इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"करवत शून्याच्या अलीकडून चालवू की पलीकडून?"

थोरल्यांचं म्हणणं, शून्य उण्यापेक्षा मोठं, म्हणून मोठ्या बाजूला. धाकट्यांचं म्हणणं, शून्य अधिकापेक्षा लहान, म्हणून लहान बाजूला. दोघांचंही खरं असल्यामुळे तडजोडीला जागा उरली नाही. सुताराचा दोनदा चहा झाला. शेवटी मधली म्हणाली, "दोन्हीकडून काप." सुताराने कापलं, शून्याचा खण सुटा झाला, तो तिने काखोटीला मारला आणि घरी नेऊन त्यात बटणं ठेवायला सुरुवात केली. शून्याच्या काचा तळाशी, बटणं वर.

धाकट्यांनी मायनसची बाजू उचलून रस्त्याच्या पलीकडे दुकान थाटलं. नंबर काढायच्या काचांची पेटीसुद्धा वाटली गेली. प्लसच्या काचा थोरल्यांकडे, मायनसच्या धाकट्यांकडे. दोघांचं बोलणं बंद झालं, आणि गिऱ्हाइकांची पायपीट सुरू झाली. ज्यांना वरच्या अर्ध्या काचेत लांबचा मायनस आणि खालच्या अर्ध्या काचेत जवळचा प्लस लागतो, अशांचा चष्मा वरून पलीकडे आणि खालून अलीकडे बनू लागला. एका मास्तरांचा डावा डोळा प्लस आणि उजवा मायनस होता. ते रस्ता इतक्या वेळा ओलांडत की लोक त्यांना दोघांमधले दूत समजायचे. गंमत म्हणजे अनोळखी काच मोजायला विरुद्ध काच लागतेच. त्यामुळे दोघांपैकी एकालाही स्वतःच्या मालाचा नंबर एकट्याने काढता येईना. मोजायचं यंत्र घेतलं असतं तर प्रश्न सुटला असता, म्हणून दोघांनीही ते घेतलं नाही. काच फडक्यात गुंडाळून पलीकडे जायची, फडक्यातच परत यायची. बोलणं मात्र बंदच.

थोरल्यांनी दुकान आधुनिक करायचं ठरवलं तेव्हा वडलांच्या पाव-अर्ध्याच्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या आणि रंगाऱ्याकडून प्रत्येक खणावर दशांशाचे आकडे काढून घेतले. चांगले वीतभर उंच, लाल, रस्त्यावरून दिसतील असे. धाकट्यालाही दिसावेत, असं ते म्हणाले नाहीत. मागचं शून्य फुकट रंग खातं म्हणून अडीचचे २.५ झाले. मग सव्वादोनचे २.२५ आधी की नंतर, असा रंगाऱ्याने विचार केला. थोरले म्हणाले, पाच मोठे की पंचवीस? झालं. रांग अशी उभी राहिली: २, मग २.५, मग २.२५, मग २.७५. एकच्या घरात तसंच, तीनच्या घरात तसंच. काचा जिथल्या तिथेच होत्या, फक्त नावं बदलली होती.

मधलीने पहिल्याच दिवशी सांगितलं की सव्वादोन अडीचच्या आधी येतात, हे भाजीवालीलाही कळतं. थोरल्यांनी उत्तर दिलं की ते सव्वा-अडीच जुन्या काळचं, हे दशांश आहेत. तेव्हापासून त्यांचा हात सवयीने जुन्या जागी जायचा आणि डोळा नव्या आकड्यावर. यांपैकी जो आधी पोचेल त्याचा चष्मा गिऱ्हाइकाला मिळे. कुणी पाव नंबराची तक्रार घेऊन आलं की थोरले चष्मा पुसून परत त्याच्या नाकावर ठेवत आणि म्हणत, "सवय होईल." आणि व्हायची. माणसाला कशाचीही सवय होते. हा धंदा निम्मा काचेवर आणि निम्मा त्या वाक्यावर चालला होता.

साठीनंतर थोरल्यांच्या घरी आनंदीआनंद सुरू झाला. त्यांचा वाचायचा नंबर अडीच प्लस होता, तो दीडवर आला. मग पाऊण. मग एक दिवस त्यांनी चष्मा काढून पेपर वाचला आणि बायकोला हाक मारून दाखवला. वय वाढतं तसा लोकांचा नंबर वाढतो, आपला उतरतोय. शून्यावर आला! पुण्य असल्याशिवाय असं होत नाही, असं त्यांनी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. चष्मा विकणाऱ्याने चष्मा सुटल्याची जाहिरात करणं कितपत शहाणपणाचं, हा विचार आनंदात राहून गेला. उतरणारी गोष्ट शून्यापाशी थांबते असं त्यांनी धरून चाललं होतं. खाली आणखी भिंत होती, पण ती आता रस्त्यापलीकडे होती.

त्याच सुमाराला थोरल्यांच्या लक्षात आलं की धाकट्यांचा धंदा बसत चालला. आधी खुर्चीतून पलीकडची गर्दी दिसायची आणि जेवण जायचं नाही. आता पलीकडे कुणी दिसेना. पाटीसुद्धा पुसट झाली, रंग द्यायची ऐपत उरली नसावी. थोरल्यांना वाईट वाटलं. म्हणजे त्यांनी घरी तसं सांगितलं, आणि त्या दिवसापासून त्यांना दोन घास जास्त जाऊ लागले.

मग एका सकाळी ते दुकान उघडत असताना समोरून एक गृहस्थ आले. थोरल्यांनी अगत्याने पुढे होऊन म्हटलं, "या, या. नंबर काढायचाय का?" गृहस्थ जागच्या जागी उभे राहिले, मग वळून गेले. ते धाकटे होते. इतक्या वर्षांत दादाने प्रथमच 'या' म्हटलं, आणि तेही ओळखलं नाही म्हणून. ते तडक मधलीकडे गेले आणि एवढंच म्हणाले की दादाला मी दिसलो नाही.

मधली दुपारी थोरल्यांच्या दुकानात येऊन बसली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, समोरच्या पाटीवर काय लिहिलंय. थोरले म्हणाले, काय असणार, पुसलंय सगळं. ती म्हणाली, पाटी परवाच रंगवली, पिवळ्यावर काळी, आंधळ्यालाही दिसेल अशी, आणि मग जीभ चावली. थोरल्यांनी पेटी ओढून घेतली. पाव प्लस डोळ्यापुढे धरला, धुकं. अर्धा धरला, दाट धुकं. एक धरला तेव्हा रस्ताच गेला. आणि पेटीत प्लसशिवाय काही नव्हतं. मोठी बाजू.

"दादा, तू शून्याच्या पलीकडे गेलायस," मधली म्हणाली. "पलीकडच्या काचा पलीकडेच मिळणार."

थोरले दोन दिवस पलीकडे गेले नाहीत. जन्मभर ज्याला शून्यापेक्षा कमी म्हटलं त्याच्याकडे जाऊन आपण किती कमी हे मोजून घ्यायचं, यापेक्षा धुकं बरं, असं त्यांचं मत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातल्या दांडीवर टांगलेल्या कोटाला बराच वेळ फ्रेम दाखवल्या. हे बायकोने पाहिलं. मग तिने आणि मधलीने दोन बाजूंनी धरून त्यांना रस्ता ओलांडून नेलं.

धाकट्यांनी काही विचारलं नाही. खुर्ची पुढे केली, काचा बदलायची ती जड लोखंडी फ्रेम दादाच्या नाकावर ठेवली आणि काच घातली. पाव. अर्धा. पाऊण. दरवेळी थोरले म्हणत, जरा बरं. दीडला भिंतीवरची अक्षरं उभी राहिली. सव्वादोनला त्यांनी दाराकडे मान वळवली. दारातून त्यांना रस्त्यापलीकडचं स्वतःचं दुकान दिसत होतं. आत वीतभर उंच, लाल आकड्यांची रांग होती. २, २.५, २.२५, २.७५. इतक्या लांबून त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. धाकटे ती रोज पाहत होते आणि एका शब्दाने बोलले नव्हते, हेही त्यांच्या त्याच वेळी लक्षात आलं.

थोरल्यांनी विचारलं, "किती?"

"सव्वादोन."

"कुठल्या बाजूचे?"

"माझ्या."

मग धाकट्यांनी सांगितलं की हा नुसता नंबर नाही. मोतीबिंदू पिकायला लागला की आधी असंच होतं, जवळचं फुकटात दिसू लागतं आणि लांबचं जातं. डॉक्टरांकडे जाऊन काढून घे. नंबर महिन्या-महिन्याला वाढत जाईल.

ऑपरेशन म्हटल्यावर थोरल्यांचं जपलेलं गणित पुन्हा बाहेर आलं. सुरी टाळायला माणूस काय काय काढतो. ते म्हणाले, वाढत कसला? उणे तीन हे उणे दोनपेक्षा लहान. म्हणजे नंबर कमीच होणार. होऊ दे कमी.

यातही चूक नव्हती. मधलीने कपाळावर हात मारला. धाकटे मात्र हसले नाहीत.

"खरंय दादा, कमीच होतोय," ते म्हणाले. "पण शून्यापासून लांब चाललायस. माझी अख्खी रांग तशीच आहे. शेवटच्या खणापाशी माणसं येतात तेव्हा त्यांना हात धरून आणावं लागतं."

थोरल्यांनी दोन बाजूंना उभ्या असलेल्या बायकोकडे आणि बहिणीकडे पाहिलं. आपल्याला कसं आणलं गेलं ते त्यांना आठवलं असावं, कारण पुढच्याच आठवड्यात ते डॉक्टरांच्या टेबलावर होते.

ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांचा लांबचा नंबर बरोब्बर शून्य आला, आणि जवळचा गेलेला अडीच प्लस परत मिळाला. थोरल्यांना वारसा परत मिळाल्यासारखं झालं. आता खालची अर्धी काच अडीचची, ती त्यांच्याकडे होती. वरची अर्धी शून्याची. ती मागायला ते मधलीकडे गेले, आणि जाताच म्हणाले की आता माझे डोळेच शून्यावर आलेत, तेव्हा तो खणही न्यायानं माझ्याकडे यायला हवा. माणूस बरा झाल्याची एवढी खूण घरच्यांना पुरली.

मधलीने बटणं बाजूला सारून तळातून दोन काचा काढल्या, पदराने पुसल्या आणि पुढे केल्या. "काचा ने. खण मिळायचा नाही. बटणं कुठे ठेवू?"

थोरल्यांनी काच डोळ्यांसमोर धरून हलवली. चित्र उलटं पळालं नाही, सोबतही आलं नाही. ठीक आहे, म्हणाले.

आकडे अजून तसेच आहेत. रंगाऱ्याला बोलवायचं म्हणजे चूक होती असा अर्थ होईल. फक्त थोरले आता आकड्याकडे न बघता हाताच्या सवयीने काच काढतात, आणि तक्रारी थांबल्या आहेत. दुहेरी चष्मे पलीकडे न्यायचे असले की गिऱ्हाइकाला बसायला सांगून ते स्वतःच रस्ता ओलांडतात. काम पाच मिनिटांचं असतं, यायला पाऊण तास लागतो. दोघं तिथे काय बोलतात कुणाला माहीत नाही. गिऱ्हाईक वैतागतं तेव्हा थोरल्यांची बायको गल्ल्यावरून सांगते, "सवय होईल."