अक्कांचा शुक्रवार

मंगळवारी अक्का गेल्या. पिंप्राळ्याच्या घरी सकाळी चहाचं आधण ठेवताना पडल्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं होतं. गुरुवारच्या गोळ्यांची पिशवी त्यांनी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती.

अक्का नर्स होत्या. माहेर धुळ्याचं, नोकरी सगळी जळगाव जिल्ह्यात. निवृत्तीनंतर त्या आमच्या सिकलसेल प्रकल्पात आल्या. सातपुड्यातल्या एका पाड्यावर दर गुरुवारी जायचं, आजारी मुलांना बघायचं, त्यांच्या रक्ताचे नमुने घ्यायचे, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या पोहोचवायच्या. गोळी रोज मिळाली तर मूल बहुधा शाळेत जातं. खंड पडला तर हाडं दुखून तळमळतं, आणि कधी कधी हाती लागत नाही. मी कार्यालयात नोंदवह्या लिहीत असे.

'पेशंट आला नाही' हे वाक्य अक्कांना सहन होत नसे. पहिल्याच महिन्यात मी ते लिहिलं आणि त्यांनी वही ओढून घेतली.

"पोऱ्या नही उना, का बस नही उनी?" रागावल्या की त्या अहिराणीत शिरत.

"बस बंद आहे म्हणे, अक्का."

"मग बस आली नाही असं लिहा. एवढी पुस्तकं वाचता भाऊ, अन् एक ओळ खरी लिहिता येत नाही?"

तेव्हापासून आमच्या वहीत 'पूल वाहून गेला', 'आई केळीच्या कामाला रावेरला', 'आपण गेलो नाही' अशा नोंदी दिसू लागल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे रकान्याबाहेर काय लिहिलंय?" अक्का म्हणाल्या, "साहेब, रकानाच लहान छापलाय तुम्ही."

निधी थांबल्याचं पत्र आलं तो बुधवार होता. कोणाला जेवण सुचेना. अक्कांनी डबा उघडला आणि कळण्याची भाकरी माझ्यापुढे सरकवली. "जेवा भाऊ. निराश व्हायचं तर शुक्रवारी व्हा. उद्या काम शे."

प्रकल्प बंद झाला, गुरुवार बंद झाला नाही. गोळ्या आता सरकारी दवाखान्यातून मिळवायच्या होत्या. साठा आला नाही असं तिथल्या भांडारवाल्याने सांगितलं की अक्का समोरच्या बाकावर मेथी निवडत बसत. "तुम्ही तुमचं काम करा दादा, मी माझं करते." जुडी संपायच्या आत तो वरच्या कार्यालयात फोन लावी. मी नोकरी शोधत होतो, तरी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन वही लिहीत असे.

एकदा मेथीनेही काही झालं नाही. तीन आठवडे गोळ्या आल्याच नाहीत. त्यात नऊ वर्षांची रमिला गेली. त्या गुरुवारी अक्का तिच्या आईजवळ बसल्या, मग उरलेल्या सगळ्या मुलांना एकेक करून पाहिलं, ताप असलेल्या एकाला गाडीत घालून तालुक्याला नेलं. दुसऱ्या दिवशी रमिलाच्या ओळीत काय लिहायचं ते विचारायला मी पिंप्राळ्याला गेलो. बऱ्याच वेळाने दार उघडलं. केस मोकळे, डोळे सुजलेले. मी वही पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"आज शुक्रवार शे, भाऊ. उद्या या."

दार लागलं. मी जिना उतरलो तरी आतला रडण्याचा आवाज ऐकू येत होता. तोवर मला शुक्रवारचं ते त्यांचं नुसतं बोलणं वाटत होतं.

शनिवारी मी गेलो तेव्हा त्यांची वेणी घातलेली होती. वही घेऊन त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'गोळ्या आल्या नाहीत.' मग विचारलं, "पुढच्या गुरुवारचं काय?"

त्या गेल्या त्या आठवड्यातही गुरुवार आला. त्यांच्या सुनेने पिशवी माझ्या हातात दिली. पाड्यावर बायका मुलांना घेऊन बसल्या होत्या आणि माझ्यामागे, गाडीकडे बघत होत्या. अक्कांना तिथली पावरी बोली मोडकीतोडकी येत असे, मला येत नाही. मी मराठीतच सांगितलं, अक्का वारल्या. रमिलाची आईही आली होती. ती उठली आणि तिने आपल्या धाकट्याला पुढे केलं.

आता गुरुवारी मी जातो. रक्ताचे नमुने उपकेंद्रातल्या सिस्टर घेतात. मुलं एकवीस आहेत. गोळ्या महिनाअखेरपर्यंत पुरतील.