वरच्या अंगाचं पाणी

ईदच्या सुट्टीत ओमानमधल्या सोहारहून आम्ही दोघे फिटर डोंगरमाथ्यावरची जुनी गावं पायी बघायला गेलो. गावागावातून जाणारी पायवाट पाण्याच्या पाटाला धरूनच चालते. खाली द्राक्षांचे मांडव, डाळिंबाच्या बागा. पाय नुसते भाजत होते. एका गावाच्या वरच्या अंगाला मी बूट काढले, पाटात पाय सोडले आणि खुशाल साबण चोळायला लागलो.

पाठीत काठी बसली. वळलो तर एक म्हातारा, काठी पुन्हा उगारलेला. दुसरा फटका कानशिलात बसला आणि रक्त आलं. माझंही टाळकं फिरलं, मी दगड उचलला. सोबत्याने मनगट पिरगाळलं. "अरे गाढवा, सगळं गाव हे पाणी पितं!"

दगड हातातून गळला. फेस वाहून गेल्यावर म्हाताऱ्याने पाटातूनच वाडगा भरला, माझं रक्त धुतलं. मग पुन्हा भरून तोच वाडगा मला प्यायला दिला.

माझ्या बापाने आमच्या विहिरीवर एका माणसाला असंच काठीने फोडून काढलं होतं. त्याने साबण लावला नव्हता. तो फक्त पाणी प्यायला होता, आणि त्याची जात वेगळी होती. त्याला कुणी वाडगा दिला नाही.

बापाला काठी मीच आणून दिली होती.