दाताच्या डॉक्टरचा साचा

ब्लॉग काढायची कल्पना माझी नव्हती, माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीची होती. ती घोडपदेवला राहते आणि एका ट्रॅव्हल कंपनीत तिकिटं बुक करते. इंटरनेटवर वेबसाइटचे तयार साचे मिळतात, त्यात आपला मजकूर भरायचा, बाजूला जाहिराती लागतात आणि लोक वाचायला आले की त्या जाहिरातींचे पैसे आपल्याला मिळतात, असं ती कुठूनतरी शिकून आली होती.

"फक्त विषय बारीक पाहिजे," ती म्हणाली. "स्वयंपाक नको, प्रवास नको. तिथे आधीच गर्दी आहे. असा विषय हवा, ज्याच्यावर अजून कोणी बसलेलं नाही."

मी गिरगावातल्या एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. हल्ली पुस्तकं कमी निघतात, त्यामुळे हाताशी वेळ होता. एका रविवारी दुपारी काळाचौकीला आमच्या खोलीबाहेर, गॅलरीत बसून आम्ही विषय शोधत होतो. मी लोणची सुचवली, ती तिने उडवून लावली. तिने कुंडीतली झाडं काढली, पण माझ्या हातून तुळससुद्धा जगत नाही. बोलता बोलता आमचे आवाज इतके चढले की समोरच्या काकूंनी दार उघडून विचारलं, "भांडताय का गं?"

आम्ही भांडत नव्हतो. आत खाटेवर बाबा झोपले होते आणि त्यांच्या घोरण्यातून एकमेकींना ऐकू जावं म्हणून आम्हाला ओरडावं लागत होतं.

मैत्रिणीने दाराकडे बघितलं. "हाच," ती म्हणाली.

बाबांचं घोरणं आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त बाबांना. जन्मभर गिरणीत साच्यांच्या, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या, खडखडाटात उभं राहून त्यांचे कान मंद झालेले, त्यामुळे झोपेत त्यांना कसल्याही आवाजाने जाग येत नसे. संध्याकाळी मी त्यांना सांगितलं की आम्ही एक तयार साचा घेतोय. बाबांनी चहाची बशी खाली ठेवली.

"साचो? आणि ठेवतलास खंय?"

तो कपड्याचा साचा नाही, कॉम्प्युटरवरचा आहे, हे पटवेपर्यंत त्यांचा चहा थंड झाला. शेवटी ते म्हणाले, "चालता मा? मग झाला," आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला.

फुकटात मिळणारे साचे तीनच होते. एक लग्नाच्या हॉलचा, एक कुत्र्यांच्या दुकानाचा आणि एक दाताच्या डॉक्टरचा. मैत्रिणीने डॉक्टर निवडला. पहिल्या पानावर एक गोरी बाई हातात छोटा आरसा घेऊन हसत होती. तिला काढायचं तर पैसे भरा, असं साच्याचं म्हणणं होतं, म्हणून ती राहिली आणि तिच्या डोक्यावर आम्ही लिहिलं, 'घोरण्यावर सर्व काही'. कोपऱ्यात 'भेटीची वेळ ठरवा' असं एक बटण होतं, तेही निघेना. पत्ता भरल्याशिवाय पान प्रसिद्धच होईना. मैत्रीण म्हणाली, "भर गं, कोण बघतंय," आणि मी आमच्या खोलीचा पत्ता भरला.

मग मी लिहायला लागले. कुशीवर कसं झोपावं, उशी किती उंच असावी, एका खोलीत पाच माणसं असतील तर घोरणाऱ्याची खाट कुठे टाकावी. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःचं काही लिहीत होते आणि मला ते फार आवडत होतं. दर लेखात मी 'आमच्या घरातील एक ज्येष्ठ रुग्ण' असा बाबांचा उल्लेख करायचे.

जाहिराती मात्र भलत्याच लागायला लागल्या. गाद्यांच्या लागतील असं आम्हाला वाटलं होतं. लागल्या त्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या, आयात-निर्यातीच्या सल्लागारांच्या आणि 'राज्याचं नवं धोरण समजून घ्या' असल्या. मैत्रीण चक्रावली. मी मात्र ते पान एकदा डोळ्यांखालून घातलं आणि लगेच ओळखलं. जाहिराती लावणारं यंत्र 'घोरण' ही छपाईची चूक समजून 'धोरण' असं वाचत होतं. घ आणि ध यांची गल्लत मी हजारो पानांवर दुरुस्त केली होती, पण यंत्राच्या डोक्यातली दुरुस्त कशी करायची ते मला माहीत नव्हतं. परिणामी आमच्या ब्लॉगवर धोरणांचा अभ्यास करणारी मुलं यायची आणि उशीच्या उंचीबद्दल वाचून निघून जायची.

अशात एका रविवारी, जेवणं आटोपून बाबा नुकतेच आडवे झाले असताना, दारात एक जोडपं उभं राहिलं. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतून आले होते. नवरा मान खाली घालून, बायकोच्या हातात मोबाइल.

"डॉक्टर आहेत?" बाईंनी विचारलं. "आम्ही वेळ घेतली होती."

मी दारातच उभी राहून साचा, बटण, गोरी बाई हे सगळं समजावू लागले. आईने मागून मला बाजूला सारलं. दारात आलेल्या माणसाला उभं ठेवणं तिला जमत नाही. तिने दोघांना आत घेऊन बसवलं आणि चहा टाकला. तेवढ्यात बाबांनी सुरुवात केली. आधी बारीक शिट्टी, मग मध्ये श्वास अडकल्यासारखी शांतता, आणि मग भरलेलं पिंप फरशीवरून ओढत न्यावं तसा आवाज. कपबश्या किणकिणल्या.

बाई थक्क होऊन बघत राहिल्या. "हे रोज असं?"

"लगीन झाल्यापासून," आई म्हणाली. "आता आवाज बंद झालो की माका जाग येता."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. बऱ्याच महिन्यांनी बघत असाव्यात तसं बघितलं. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तुमचं तर काहीच नाही."

नवऱ्याने पहिल्यांदा मान वर केली. दोघं चहा पिऊन, आईला नमस्कार करून गेले. रात्री ब्लॉगवर त्यांचा अभिप्राय आला. पहिल्याच भेटीत फरक पडला, डॉक्टरांनी तोंडातून एक शब्दही काढला नाही, अवश्य भेट द्या.

मी तो अभिप्राय काढायला निघाले होते. मैत्रिणीने माझा हात धरला. "वेडी आहेस का? जगात कोणाच्या ब्लॉगवर खरी माणसं येतात?"

त्यानंतर रविवारी दुपारी माणसं येऊ लागली. परळहून आली, दादरहून आली, लालबागची तर चालत आली. बायका नवऱ्यांना घेऊन येत, एकदा एक सासू जावयाला घेऊन आली. आईने चाळीच्या मंडळाकडून प्लास्टिकच्या खुर्च्या मागून आणल्या. समोरच्या काकू दाराशी उभ्या राहून चपला बाहेर काढायला सांगत. लोक आत येत, ऐकत, आपापल्या माणसाकडे नव्या नजरेने बघत आणि समाधानाने जात. बाबा झोपलेले असत. चारला उठून चहा मागत, तोवर खुर्च्या परत गेलेल्या असत.

मैत्रिणीने गॅलरीत थांबणाऱ्यांना मोबाइलवर ब्लॉग उघडून ठेवायला सांगितलं. चाळीच्या कानावर आलं की जाहिरातीवर बोट लावलं की आम्हाला काहीतरी मिळतं. मग काय, शेजारधर्म जागा झाला. तळमजल्यापासून वरपर्यंत सगळे येता-जाता बोट लावू लागले. काकू देवपूजा झाली की लावत. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी तर एका धोरणाच्या क्लासला नावच नोंदवलं आणि तिथून फोन आला तेव्हा वय सांगून बसले.

थोड्याच दिवसांत जाहिरातवाल्या कंपनीचं सभ्य भाषेतलं पत्र आलं. एकाच इमारतीतून इतके लोक इतक्या उत्साहाने जाहिराती दाबतायत हे स्वाभाविक वाटत नाही, सबब खातं बंद. जमलेलं होतं तेही गेलं. मैत्रीण बराच वेळ फोनकडे बघत बसली. "लोक चांगले असले तरी पंचाईतच आहे," ती म्हणाली, आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला वाईट वाटलं, पण हसूही येत होतं. ते आवरेना तेव्हा तीही हसायला लागली.

पैसे थांबले, पण माणसं थांबली नाहीत. आई ऐकेना. "आलेल्यांका परत कशी धाडू?"

आणि मग एका रविवारी भर दुपारी वीज गेली. पंखा थांबला. आवाजाने न उठणारे बाबा उकाड्याने उठले. त्यांनी डोळे उघडले तर खाटेभोवती खुर्च्यांवर अनोळखी माणसं गंभीर चेहऱ्याने बसलेली. दाराबाहेर चपलांचा ढीग. आई डोक्यावर पदर घेऊन हळू आवाजात चहा देतेय. एका गृहस्थाने तर हात जोडलेले.

बाबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"कोण गेलो?" त्यांनी विचारलं.

हात जोडलेले गृहस्थ पुढे वाकून अदबीने म्हणाले, "कोणी नाही हो काका. तुम्ही झोपा."

बाबा उठून बसले. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग माझ्याकडे बघितलं, आणि मला सगळं सांगावं लागलं. साच्यापासून सांगितलं. ते चिडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "माका ऐकव."

एका बाईंनी मोबाइलवर आवाज भरून घेतला होता. त्यांनी तो बाबांच्या कानाशी धरला. पिंप ओढल्याचा तो आवाज खोलीत पुन्हा सुरू झाला आणि बाबा एखादं यंत्र तपासावं तसे लक्ष देऊन ऐकत राहिले. संपल्यावर ते आईकडे वळले.

"तू ह्या सगळा रोज ऐकतंस?"

"मी खंय जातलंय?" आई म्हणाली, आणि कपबश्या गोळा करू लागली.

पुढच्या रविवारी बाबा जेवल्यावर अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून खाटेवर झोपले. माणसं आली, बसली. बाबांना झोप लागेना. डोळे मिटून ते पडून राहिले. थोड्या वेळाने लोकांचा खोळंबा होतोय असं वाटून त्यांनी घोरायला सुरुवात केली. आम्हाला सगळ्यांना कळलं. ते कोणीतरी पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं होतं. मागच्या खुर्चीवरची बाई नवऱ्याला कुजबुजली, "आज मन नाही वाटतं त्यांचं." तासाभरात माणसं उठून गेली. त्यानंतरच्या रविवारी दोघंच आली, मग तीही नाहीत.

बाबांची दुपारची झोप मात्र गेली ती गेलीच. जेवल्यावर ते गॅलरीत खुर्ची टाकून बसत. रात्री कुशीवर झोपत, दचकून उठत आणि आईला विचारत, "घोरत होतंय काय मी?" मला फार अपराधी वाटत होतं. एका दुपारी ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी ब्लॉग बंद करायला बसले होते.

"माझ्याबद्दल काय लिवलंस त्यात? वाच."

मी वाचलं. उशी, कूस, खाट, 'आमच्या घरातील एक ज्येष्ठ रुग्ण'. तिथे त्यांनी मला थांबवलं.

"रुग्ण कोण? मी काय आजारी नाय. बरो जेवतंय, बरो चलतंय."

"मग काय लिहू?"

'म्हातारा' त्यांना नको होतं. 'वडील' लिहू का विचारलं तर म्हणाले, ते लोकांना कशाला सांगायचं. शेवटी म्हणाले, "गृहस्थ लिव."

मी एकेक लेख उघडून 'रुग्ण' खोडत गेले आणि 'गृहस्थ' घालत गेले. काम बरंच होतं. प्रत्येक ठिकाणी बदललं की मी मोठ्याने वाचायचे आणि बाबा खाटेवर बसून 'हां' म्हणायचे. सहाव्या-सातव्या लेखानंतर त्यांचा 'हां' आला नाही. मी वळून बघितलं नाही. आवाज खालच्या पट्टीत सुरू झाला होता आणि उरलेली सगळी पानं मी मनातल्या मनात वाचली.