शोभाने न पाहिलेली भिंत

शोभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या वर्गावर होते. "ताई गेली... हृदय बंद पडलं," तिच्या भावाने एवढंच सांगितलं. समोर मुलं पेपर लिहीत होती, म्हणून रडताही आलं नाही. आता दीड महिना होत आला. राहिलेलं ते रडू अजून कुठेही गाठतं, भाजी निवडताना, बसच्या रांगेत.

जळगाव जामोदला कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची, मी मराठी. मला झुरळाचीही भीती, पण सुट्टीच्या दिवशी बॅटरी धरायला तिला मीच लागायचे. वाळूमाशी शोधत आम्ही सातपुड्याच्या पायथ्यापासून पार लोणारकडच्या सुलतानपूरपर्यंत हिंडलो. डासाहून लहान, धड उडताही न येणारी, टुणटुण उड्या मारणारी ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलीत राहते. शोभा एरंडेल लावलेले कागद संध्याकाळी भेगांजवळ टांगायची आणि सकाळी चिकटलेल्या माश्या नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. कोणत्या गावात कोणती जात, याचा तिला ध्यास होता. "सगळ्या वाईट नसतात गं," ती म्हणायची. "काही गुरांवर जगतात, काही बिचाऱ्या पालींवर. तापाची एखादीच." बायका मात्र भेगांना हात लावू देत नसत, कारण विंचरलेल्या केसांचे गुंते तिथेच खोचलेले असत, केसांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या फेरीवाल्यासाठी जपलेले. "मॅडम, माशा न्या, केसं ठेवा," असं एकजण म्हणाली तेव्हा शोभा पोट धरून हसली होती.

तिचं हसणं आधी सांगितलं, कारण पुढचं सांगवत नाही... तिची लेक रेणू सहा वर्षांची असताना उन्हाळ्यात सोनाळ्याला आजीकडे गेली होती. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत ती आजीच्या कुशीत झोपायची. एका सकाळी ताप भरला, दुपारी झटके येऊ लागले आणि दुसऱ्या दिवसाचं ऊन वर यायच्या आत पोर गेली. वाळूमाशीने पसरणारा मेंदूज्वर, डॉक्टर म्हणाले. शोभा या माशीच्या मागे लागली ती तिथून. सोनाळ्यातलं घरन् घर तिने पाहिलं, आईचं तेवढं सोडून. मी विचारलं तर म्हणाली, "तिथे सापडली तर आई जगेल का?" रेणूला माशी परगावच्या लग्नात चावली, असं तिने आईला सांगून टाकलं होतं.

परवा मी मावशींना, म्हणजे शोभाच्या आईला, भेटायला सोनाळ्याला गेले. त्या गोठ्याकडची भिंत लिंपत होत्या.

"रेणू गेल्यापासून दर हप्त्याले लिपून राह्यली मी," त्या म्हणाल्या. "शोभीनं साऱ्या गावाच्या भिती पाह्यल्या, माही काऊन नाही पाह्यली? तवाच समजलं मले. पन तिले कळू नाही देलं. तिले वाटू दे, मायले माहीत नाही..."

समजूत घालायला गेलेली मीच त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

"आता लाव तिचा कागद," मावशी म्हणाल्या. "आता कोनापासून लपवाचं?"

मी संध्याकाळी कागद टांगला. सकाळी त्यावर चार-दोन बारीक माश्या चिकटल्या होत्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

"पालींवरच्या आहेत, मावशी," मी म्हणाले. "माणसाला काही करत नाहीत."

"तू बी शोभीसारखीच," मावशी म्हणाल्या आणि चहा मांडायला आत गेल्या.