विरळ इलेक्ट्रॉन आणि आमचे साळवे सर

प्रयोगशाळेत काही वर्षं काढली की उपकरणं मोडत जातात आणि किस्से साठत जातात. चाळीसच्या दशकाच्या शेवटी नगरच्या एका कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर होतो. तेव्हाचे माझे बहुतेक किस्से फिजिक्सच्या साळवे सरांचे. सर मूळचे राहात्याचे, आणि त्यांना ध्यास एकच. इलेक्ट्रॉन खूप विरळ पसरले की आपणहून चुंबक बनतात, असं गणित सांगत होतं. प्रत्यक्ष कुणी पाहिलं नव्हतं!

*

लॅब झाडणाऱ्या बबनलाही सरांनी ते समजावलं. "प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे इवलासा चुंबक. गर्दीत ते उलटसुलट तोंडं करतात, एकाचा जोर दुसरा मारतो. विरळ झाले की एकमेकांना टाळायला म्हणून सगळे एकाच दिशेला तोंड करतात."

बबनचा झाडू थांबला. "पटत न्हाई म्हून एका दिशेला? आमच्या भावकीला सांगा की वो हे."

*

सरांच्या घरी वीज नव्हती. एका संध्याकाळी कंदिलाची काच पुसताना सरांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, ते विरळ इलेक्ट्रॉन म्हणता, ते आपल्याच घरातले का?"

हे आम्हाला सरांनीच सांगितलं, चष्मा काढून डोळे पुसत.

*

प्रिन्सिपॉलांनी सरांना विचारलं, "हे सिलॅबसमध्ये आहे?"

"नाही."

"मग मधल्या सुट्टीत मुलं हे ऐकत बसतात कशाला?"

"मलाही विचारायचंय. पण विचारलं तर उठून जातील."

*

आमच्या कॉलेजला डिग्रीचा वर्ग द्यायचा की नाही, हे ठरवायला पुण्याहून एक प्रोफेसर आले. ते नाही म्हणाले असते तर आमच्या पोरांचं फिजिक्स इंटरला, म्हणजे दुसऱ्या वर्षालाच संपलं असतं.

सरांनी भिंगारच्या बाजारातून लष्करातली जुनी होकायंत्रं आणली होती. वर्गात पाहुण्यांसमोर ती टेबलावर एकमेकांना चिकटून ठेवली, तर सुया वाटेल तशा. लांब लांब मांडली, तर सगळ्या एका दिशेला!

"वा, छान दाखवलंत," म्हणत पाहुण्यांनी बॅग बंद केली. मी मनात पेढे वाटून मोकळा झालो.

सर मात्र टेबलाकडेच बघत होते. "थांबा साहेब. हे चुकलं. लांब ठेवल्यावर या सुया पृथ्वीमुळे उत्तरेला वळतात. इलेक्ट्रॉन एकमेकांमुळे वळतात, आणि ते मला दाखवता येत नाही. मुलांच्या डोक्यात खोटं राहायला नको."

मला सरांचा राग आला. खरंच आला.

"मग ते कुठं दाखवता येईल?" पाहुण्यांनी विचारलं.

"आज तरी कुठंच नाही."

पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. स्टेशनचा टांगा फाटकाशी उभा होता. ते बबनला म्हणाले, "टांगेवाल्याला जायला सांग."

मग ते पोरांना सरकवून पहिल्या बाकावर बसले. "हं. मांडा गणित."