ओफेलियाबाईंची शेवटची कुपी

रोसारिओच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या ओफेलिया स्कार्पिन म्हणजे महा कडक बाई. विद्यार्थ्यांच्या चुका त्या विसरत नसत आणि आपलं काम दुसऱ्याच्या हाती देत नसत. काम तरी केवढं नाजूक! काडीएवढ्या कुपीत प्रथिन ठासून भरायचं, पाण्याच्या टाकीएवढ्या चुंबकात ती तिरकी बसवायची आणि सेकंदाला दहा हजार गिरक्या द्यायच्या. मग प्रथिनातला अणू न् अणू आपला ठावठिकाणा सांगतो. कुपी एका बाजूला जड झाली, तर आतल्या आत फुटते आणि महिन्यांची मेहनत मातीत जाते. म्हणून सत्तावीस वर्षं बाईच कुप्या भरत आल्या, घड्याळजी वडिलांच्या चिमट्याने.

वडिलांचे हात उतारवयात थरथरू लागले आणि घड्याळं सुटली. ज्या प्रथिनाच्या गुठळ्या मेंदूत साचून ही थरथर येते, त्याच्याच मागे बाई आयुष्यभर लागल्या.

काय दिवस होते ते! पहिल्याच वर्षी तंत्रज्ञ अन्सेल्मो माते हा पानांचा गरम काढा नळीने ओढत चुंबकाजवळ गेला आणि तोंडातली लोखंडी नळी उडून चुंबकाला चिकटली. बाईंना इतकं हसू आलं, की रागवायचंच राहून गेलं. तेव्हापासून इथला कडू माते नदीकाठच्या वेताच्या नळीनेच ओढायचा, शेजारच्या खोलीत बसून, एकाच भोपळ्याच्या पेल्यातून आळीपाळीने. गरम पाणी ओतायचा मान मात्र एकाचाच असतो. तो बाईंचा होता, आणि असा मान कुणी सुखासुखी सोडत नाही.

गेल्या हिवाळ्यात बाईंच्या हातून पाणी सांडलं. अन्सेल्मोने किटली स्वतःकडे घेतली. बाईंनी उजवा हात ॲप्रनच्या खिशात घातला, तो घातलाच.

आता चुंबक थंड ठेवायला हेलियम मिळेना. शुक्रवारी ते कायमचं बंद होणार होतं. चार महिने खपून बनवलेलं प्रथिन तेवढं उरलं होतं, एका कुपीपुरतं.

बुधवारी सकाळी बाई भिंग लावून बसल्या. चिमटा कुपीच्या तोंडाशी गेला आणि हात नाचू लागला. पांढरा कण टेबलावर पडला. समोर उभ्या असलेल्या त्यांच्या विद्यार्थिनीने, यामिलाने, नजर वळवली.

“बाई, पोरीला द्या,” अन्सेल्मो म्हणाला.

“तिची सरावाची पहिलीच कुपी फुटली होती, विसरलास?”

“गेल्या हिवाळ्यापासून तुमच्या चार फुटल्या. तुकडे मीच वेचलेत.”

“जिभेला काही हाड?”

“नसू दे. माल वाया चाललाय त्याचं बोला.”

बाईंना फार लागलं. शेवटची कुपी, आणि तीही आपल्या हातची नाही! त्यांनी चिमटा पुसला, क्षणभर मुठीत धरला आणि यामिलापुढे केला. “थोडं थोडं घाल, दर वेळी दाब. घाई केलीस तर याद राख.”

“हो बाई.”

यामिलाने दोन तास घेतले. कुपी चुंबकात उतरली, हवेच्या झोताने फिरू लागली. तिची शीळ चढत गेली आणि एका सुरात स्थिरावली. तेव्हा कुठे तिघांनी श्वास सोडला. संध्याकाळी पडद्यावरच्या आलेखात एकेक शिखर उमटलं, स्पष्ट आणि टोकदार. वडिलांचे हात ज्याने नेले ते प्रथिन हेच. बाईंचे डोळे भरून आले.

मग त्यांनी खिशातला हात बाहेर काढला. “अन्सेल्मो, किटली आण.”

“राहू द्या बाई, मी ओततो.”

“मान माझा आहे. आण म्हणते ना!”

पाणी भोपळ्यात कमी आणि टेबलावर जास्त पडलं. बाईंनी ते पुसलं नाही. पहिला माते रिवाजाप्रमाणे स्वतः प्यायल्या, दुसरा यामिलाला दिला. शुक्रवारी चुंबक बंद होईपर्यंत किटली त्यांच्याच हातात होती.