मोरीता-सानांचा अडकलेला स्क्रू

गेल्या शनिवारी योकोहामात मी एक स्क्रू फिरवला... आणि अजून त्याच आनंदात आहे. हसू नका, सांगते.

आमच्या खालच्या मजल्यावर मोरीता-सान राहतात, सत्तरी ओलांडलेले. त्यांच्याकडे पणजोबांचं रिव्हॉल्व्हर आहे, तांब्याच्या इवल्या टोपीवर घोडा आपटून बार उडायचा त्या जमान्यातलं. रीतसर नोंदवलेली, आता फक्त जपायची वस्तू. ते घरीच त्याची दुरुस्ती करत होते, पण हात थरथरायला लागले आणि एका गंजलेल्या स्क्रूपाशी काम अडलं.

एकदा खाली कचरा टाकताना गप्पांत मी बोलून गेले, की लग्नाआधी मी पुण्याजवळ भोसरीला एका कारखान्यात होते, साचे-हत्यारं घडवायच्या टूलरूममध्ये. झालं! म्हणाले, "अनघा-सान, एकदा बघता का?"

बघायला गेले, तर आधी पितळी भाग दिसला आणि माझे हात शिवशिवले. "चिंचेने घासू? लखलखेल बघा!" त्यांनी घाईघाईने त्यावर हातच ठेवला. "नको, नको! तो काळेपणा पणजोबांच्या हातचा आहे." मी जीभ चावली.

स्क्रूची खाच आधीच झिजली होती. आणखी एकदा पातं घसरलं, की स्क्रू ड्रिल करूनच काढावा लागणार... आणि पणजोबांची वस्तू माझ्या हातून बिघडली, हे त्यांना सहन झालं नसतं. मुलगी झाल्यापासून मी कानस हातात धरली नव्हती. खरं सांगते, भीती वाटत होती.

आमचे फोरमन म्हणायचे, "आधी माप, मग जोर." स्क्रूवर तेल सोडलं आणि आठवडाभर हातच लावला नाही. शंभर येनच्या दुकानातून स्क्रू ड्रायव्हर आणला आणि त्याचं पातं कानशीने घासत बसले, खाचेत गच्च बसेपर्यंत. मग शनिवारी दोन्ही हातांनी दाबलं, देवाचं नाव घेतलं... कट्!

हलला!! मोरीता-सानांनी सुट्या भागांची डबी माझ्यापुढे सरकवली. "बाकीचं आपण मिळून करू," म्हणाले.

आज खंडेनवमी. आमच्याकडे पूजेला नवऱ्याचा लॅपटॉप आणि लेकीचं दप्तर असतं... इथे आल्यापासून माझं असं ठेवायला काही नसायचंच. आज मधोमध तो स्क्रू ड्रायव्हर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल. लेकीने जपानीत विचारलं, हे कुणाचं?

"माझं गं," म्हटलं... आणि डोळे भरूनच आले.